जिकडे दाब कमी, तिकडे रक्त : हृदयाविषयी वाचकांचे प्रश्न

हृदयावर प्रश्न पाठवा म्हटल्यावर पत्रांबरोबर टूडी इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, रिपोर्टही भरपूर आले. औषध बदलायचं का, ऑपरेशन करायचं का, हे ज्यांनी पेशंटला हात लावून तपासलंय त्यांनीच सांगायचं असतं, त्यामुळे तसल्या प्रश्नांना इथे उत्तर देत नाही. पण बऱ्याच शंकांचं मूळ हृदयाच्या रचनेत आहे आणि ती रचना कळली की रिपोर्टची निम्मी भीती जाते. एक सूत्र धरून ठेवा : रक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं आणि झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. पुढची उत्तरं बहुतेक याच सूत्रातून निघतात.

मी आठवीला विज्ञान शिकवते. आकृतीत हृदयाची उजवी बाजू डावीकडे का दाखवतात, इथेच मुलं अडखळतात. उजवा भाग निळा असल्याने 'शिरांतलं रक्त निळं असतं' असं पेपरात लिहितात. रक्ताचा मार्ग पाठ करून घ्यायची एखादी युक्ती सांगा. (एक शिक्षिका, सातारा)

आकृती आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची असते. एका मुलाला फळ्यापाशी वर्गाकडे तोंड करून उभं करा आणि त्याला उजवा हात वर करायला सांगा. तो हात वर्गाच्या डाव्या बाजूला दिसेल. प्रश्न तिथेच मिटतो.

निळा रंग छापण्याच्या सोयीसाठी आहे. शिरेतलं रक्त गडद लाल असतं. रक्त तपासायला देताना सिरिंजमध्ये चढतं ते हेच. हातावरच्या शिरा निळसर दिसतात, कारण त्वचेतून प्रकाश आत शिरून परत येताना त्यातला लाल भाग कमी होतो. आतलं रक्त निळं नसतं.

वर्गात आणखी एक सांगा. हृदय छातीच्या डाव्या बाजूला नसतं, छातीच्या मधल्या हाडामागे असतं आणि डावीकडे कललेलं असतं. साधारण दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे येतो. शिवाय ते थोडं वळलेलंही असतं. त्यामुळे उजवं निलय (निलय म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा) खरं तर पुढे, छातीच्या हाडाला लागून असतं आणि डावं अलिंद (अलिंद म्हणजे वरचा कप्पा) पार मागे, अन्ननलिकेला खेटून. डाव्या अलिंदात रक्ताची गुठळी आहे का हे बघायचं असेल, तर म्हणूनच घशातून अन्ननलिकेत नळी उतरवून इको करतात. पुस्तकातलं डावं-उजवं ही शिकवण्याची सोय आहे.

आता मार्ग. तो पाठ करून घेऊच नका. फळ्यावर दाबाचे आकडे लिहा, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. उजवं अलिंद ५ किंवा त्याहून कमी. उजवं निलय आकुंचन पावताना २५. फुफ्फुस धमनीत सरासरी १५. डावं अलिंद ८ च्या आसपास. डावं निलय आकुंचन पावताना १२०. मग प्रत्येक टप्प्यावर मुलांना विचारा, रक्त आता कुठे जाईल? शरीरभर फिरून दाब संपत आलेलं रक्त दोन महाशिरांतून उजव्या अलिंदात उतरतं. तिथून, निलय सैल असताना, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात. निलय आवळलं की आतला दाब अलिंदापेक्षा वाढतो आणि त्रिदली झडप मिटते. दाब आणखी वाढून फुफ्फुस धमनीतल्या दाबाच्या पुढे गेला की तिथली झडप उघडते. फुफ्फुसात ऑक्सिजन घेऊन रक्त चार फुफ्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात येतं, मग द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि तिथून महाधमनीत. झडपांना स्नायूची ताकद नसते, पुढेमागे दाब बदलेल तशा त्या उघडमीट करतात. झडपांच्या पाळ्या उलट्या वळू नयेत म्हणून अलिंद-निलयांमधल्या दोन झडपांना खालून तंतूंनी धरून ठेवलेलं असतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने ऐकतात त्या दोन आवाजांपैकी पहिला या दोन झडपा मिटतानाचा, दुसरा धमन्यांच्या तोंडावरच्या दोन झडपा मिटतानाचा.

हे एकदा समजलं की फुफ्फुस धमनीत गडद रक्त आणि फुफ्फुस शिरेत लालभडक रक्त का, हेही मुलं आपण होऊन सांगतात. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. आत कोणतं रक्त आहे याने नाव बदलत नाही.

डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा कितीतरी जाड असते असं वाचलं. मग डावीकडून जास्त रक्त फेकलं जातं का? (एक शेतकरी, तासगाव)

नाही. दोन्हीकडून तंतोतंत तेवढंच रक्त जातं. हे मला हृदयाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं आणि शाळेत नेमकं तेच राहून जातं. तुमच्या भागात उपसा सिंचनाचं पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात. पहिल्या टप्प्याचा पंप जेवढं पाणी देईल तेवढंच दुसऱ्याला पुढे ढकलता येतं. हृदयाच्या दोन बाजू अशाच एकामागे एक लावलेल्या आहेत.

हिशोब करून बघा. विश्रांतीत प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर होतात, म्हणजे अंगात जेवढं रक्त आहे जवळपास तेवढं सगळं एका मिनिटात हृदयातून जातं. आता समजा उजव्या निलयाने ठोक्यामागे फक्त एक मिलिलिटर जास्त दिलं. मिनिटाला ७२ मिलिलिटर, तासाला चार लिटरच्या वर रक्त फुफ्फुसात साठेल. माणूस तासभरही टिकायचा नाही. तसं होत नाही, कारण हृदयाच्या स्नायूला एक उपजत गुण आहे : आत जास्त रक्त भरून तो जास्त ताणला गेला की तेवढ्याच जोराने आवळतो. आलेलं सगळं पुढे जातं. ओटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. त्यासाठी मेंदूकडून हुकूम यावा लागत नाही.

असाच हिशोब इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ साली मांडला होता. त्याच्या आधी जवळजवळ दीड हजार वर्षं युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचं मत प्रमाण मानलं जाई : यकृतात अन्नापासून रक्त बनतं, अवयव ते वापरून टाकतात आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून थोडं उजवीकडून डावीकडे झिरपतं. हार्वेने ठोक्यामागे बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अगदी कमीत कमी अंदाज धरला, तरी अर्ध्या तासाचं रक्त माणसाच्या अंगात मावणार नाही इतकं भरलं. एवढं रक्त जेवणातून तयार होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार. ते धमन्यांतून शिरांत कसं जातं हे मात्र त्याला दिसलं नाही. या दोन्हींना जोडणाऱ्या केसासारख्या केशवाहिन्या १६६१ साली इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. मधल्या पडद्याला छिद्रं नाहीत आणि रक्त फुफ्फुसातूनच डावीकडे जातं, हे अरब वैद्य इब्न अल-नफीसने तेराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. युरोपला ते फार उशिरा कळलं.

मग भिंत जाड का? रक्त सारखंच, पण ते ढकलायला लागणारा जोर वेगळा. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या रुंद आणि लवचीक, तिथे २५ चा दाब पुरतो. उजव्या निलयाची तीन-चार मिलिमीटरची भिंत तेवढं काम सहज करते. डाव्याला टाळूपासून टाचेपर्यंत पोचायचं असतं, तिथे १२० लागतो आणि भिंत एक सेंटिमीटरच्या आसपास असते. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की ती आणखी जाड होते. व्यायामाने दंड भरला तर कौतुक करावं, पण ही जाडी कौतुकाची नाही. भिंत ताठर होते आणि आत रक्त भरायला जागा व सैलपणा दोन्ही कमी पडतात.

मिस्टरांच्या इकोमध्ये 'ईएफ ६०%' आलंय. म्हणजे हृदय ४० टक्के निकामी झालंय का? खाली 'ट्रिव्हियल टीआर' असंही लिहिलंय. आमची झोप उडाली आहे. (एक गृहिणी, डोंबिवली)

निवांत झोपा. ईएफ ६० हा उत्तम आकडा आहे. त्याला शंभरपैकी मिळालेले मार्क समजू नका. डावं निलय पूर्ण भरलं की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं ७० बाहेर जातं आणि ५० आत उरतं. बाहेर पडलेला हिस्सा टक्क्यांत मोजला की ५८ येतो, हेच ईएफ. निरोगी माणसात तो ५५ ते ७० च्या दरम्यान असतो. १०० कोणाचाच नसतो, ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्याचाही नाही. आत उरलेलं रक्त हा राखीव साठा असतो. धावताना, जिने चढताना स्नायू जास्त आवळतो आणि त्यातलाही काही भाग वापरला जातो. ईएफ ४० च्या खाली गेलं की डॉक्टर 'पंपिंग कमी झालंय' म्हणतात, तेव्हा मात्र गांभीर्याने घ्यायचं.

उलट बाजूही सांगतो. ईएफ ६० असूनही धाप लागणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. बहुतेक वयस्कर, वर्षानुवर्षं बीपी आणि मधुमेह असलेली. त्यांचं निलय आवळतं छान, पण सैल होत नाही. त्यामुळे ते भरताना मागे डाव्या अलिंदात आणि त्याच्याही मागे फुफ्फुसात दाब वाढतो. अशा माणसाला 'पंपिंग नॉर्मल आहे, काही झालेलं नाही' असं सांगून घरी पाठवणं बरोबर नाही.

ट्रिव्हियल टीआर म्हणजे त्रिदली झडपेतून किंचित रक्त मागे येणं. बहुतेक धडधाकट माणसांत ते सापडतं, त्याला उपचार लागत नाही. इको करणाऱ्याला तर ते उपयोगीच पडतं. मागे येणाऱ्या त्या बारीक धारेचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात. वेग सेकंदाला अडीच मीटर असेल तर उत्तर २५ येतं. उजव्या निलयातला दाब उजव्या अलिंदापेक्षा एवढ्याने जास्त आहे, हे सुई न टोचता कळतं. रिपोर्टवर 'पीएएसपी' म्हणून फुफ्फुस धमनीतल्या दाबाचा जो आकडा असतो तो बहुधा असाच काढलेला असतो.

बीपीचा खालचा आकडा ८० असतो. पण तेव्हा हृदय आराम करत असतं ना? मग दाब शून्य का होत नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी)

निलयात तो खरंच शून्याच्या जवळ जातो, १० च्याही खाली. पण पट्टा बांधून आपण दंडातल्या धमनीचा दाब मोजतो. निलय आवळतं तेव्हा महाधमनी रक्ताने ताणली जाते. निलय सैल होताच तिच्या तोंडावरची झडप मिटते आणि ताणलेली महाधमनी आपल्या लवचीकपणाने आतलं रक्त पुढे ढकलत राहते. म्हणून दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वाहतं राहतं. वय वाढलं की हा लवचीकपणा कमी होतो. सत्तरीतल्या आजोबांचं बीपी १७०/७० येतं ते त्यामुळे. खालचा आकडा चांगला आहे म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं.

हृदयात सतत रक्त भरलेलं असताना त्याला स्वतःसाठी वेगळ्या रक्तवाहिन्या कशाला लागतात? वडिलांना एलएडीमध्ये ब्लॉकेज निघालंय. (एक वाचक, पुणे)

आतल्या रक्तातून ऑक्सिजन भिंतीत झिरपतो तो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागापर्यंत. भिंत तर सेंटिमीटरभर जाड. बेडकाचं भागतं, कारण त्याच्या निलयाचा स्नायू सच्छिद्र असतो आणि रक्त थेट त्या पोकळ्यांत खेळतं. आपल्या घट्ट विणीच्या स्नायूला बाहेरूनच पुरवठा करावा लागतो.

तो करणाऱ्या दोन कोरोनरी धमन्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीला, झडपेच्या जरा वर फुटतात. म्हणजे ताज्या रक्तावर पहिला हक्क हृदयाचा. डाव्या धमनीला लगेच दोन फांद्या फुटतात. पुढच्या बाजूने खाली उतरते ती एलएडी, बाजूने मागे वळते ती सर्कमफ्लेक्स. एलएडी डाव्या निलयाची पुढची भिंत आणि मधल्या पडद्याचा मोठा भाग पोसते, म्हणून तिच्या वरच्या भागातलं ब्लॉकेज डॉक्टर जास्त गंभीर धरतात. उजवी धमनी उजवं निलय आणि बहुतेकांमध्ये हृदयाचा खालचा भाग सांभाळते.

या पुरवठ्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली अशी की हृदय विश्रांतीतही मिळालेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतं. बाकी शरीर सरासरी २५ टक्क्यांवर भागवतं. त्यामुळे काम वाढलं की हृदयाला आहे त्या रक्तातून आणखी ऑक्सिजन पिळून काढता येत नाही, रक्तच जास्त यावं लागतं. निरोगी धमन्या रुंदावून चार-पाच पट रक्त आणतात. ७० टक्के अरुंद झालेली धमनी ते करू शकत नाही. घरात बसल्यावर काही त्रास नाही आणि जिना चढला की छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, ते यामुळेच.

दुसरी अडचण जास्त विचित्र आहे. डावं निलय आवळतं तेव्हा भिंतीतल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. साऱ्या शरीराला रक्त मिळतं त्या क्षणी डाव्या निलयाच्या भिंतीचा पुरवठा जवळपास थांबतो. तिचं पोट भरतं ते निलय सैल असताना. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यातले सुमारे ०.५ सेकंद सैल अवस्थेचे. ठोके वाढले की कपात होते ती मुख्यतः या ०.५ मध्ये. काम वाढलं आणि खायची सुटी कमी झाली. वडिलांना ठोके कमी करणारी गोळी दिली असेल तर ती याचसाठी. बरं वाटतंय म्हणून ती मनाने बंद करू नका.

एक कळकळीची सूचना. उजव्या धमनीचा झटका अनेकदा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, उलटी अशा रूपात येतो. आपल्याकडे अशा वेळी सोडा, ओवा, लिंबू घेऊन गॅस जायची वाट बघत रात्र काढतात. मधुमेही माणसाला तर काही वेळा दुखतही नाही, नुसता दरदरून घाम आणि अशक्तपणा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला असं झालं तर आधी ईसीजी काढा. गॅस निघाला तर ईसीजीचे पैसे फुकट गेले म्हणून कुरकुर करा, चालेल. धमनी बंद पडल्यावर स्नायू मरायला लागतो आणि पहिल्या काही तासांत ती उघडली तर बराचसा वाचतो.

आमच्या नातीच्या हृदयाला भोक आहे असं दीड महिन्याची असताना कळलं. जन्मली तेव्हा तपासणारे डॉक्टर 'सगळं ठीक आहे' म्हणाले होते. त्यांनी हयगय केली का? आणि आता 'थांबून बघू' म्हणतात ते बरोबर आहे का? (एक आजोबा, बीड)

हयगय झालीच असं धरू नका. सोबतच्या रिपोर्टनुसार भोक दोन निलयांच्या मधल्या पडद्यात आहे. ते जन्मतः ऐकू न येणं अगदी नेहमीचं आहे.

आईच्या पोटात बाळाची फुफ्फुसं बंद असतात. ऑक्सिजन वारेतून येतो. फुफ्फुसात रक्त पाठवून उपयोग नसल्यामुळे बाळाच्या हृदयात दोन आडवाटा असतात. एक म्हणजे दोन अलिंदांमधल्या पडद्यातलं झाकण असलेलं छिद्र, दुसरी म्हणजे फुफ्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी नळी. बाळ पहिला श्वास घेतं, फुफ्फुसं उलगडतात, तिथला अडथळा एकदम उतरतो. भरपूर रक्त फुफ्फुसातून डाव्या अलिंदात येतं, तिथला दाब उजवीपेक्षा वाढतो आणि झाकण लागतं. नळी पहिल्या दोन-तीन दिवसांत आवळून बंद होते. शरीरात इतका मोठा बदल इतक्या थोड्या वेळात पुन्हा कधी होत नाही. ते झाकण पुढे चिकटून जातं, पण साधारण चारातल्या एका माणसात ते आयुष्यभर नुसतंच टेकलेलं राहतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

मात्र फुफ्फुसातल्या धमन्यांचा ताठरपणा एका दिवसात जात नाही. तो पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू उतरतो. तोवर उजव्या निलयातला दाबही बराच असतो. दोन्हीकडे दाब जवळपास सारखा, मग मधे भोक असलं तरी रक्त कुठे जाणार? ते फारसं वाहत नाही, आवाज येत नाही. महिना-दीड महिन्यात उजवीकडचा दाब उतरला की डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे धावू लागतं आणि तेव्हा स्टेथोस्कोपला आवाज लागतो. तुमच्या नातीचं वय नेमकं तेच आहे.

थांबणं बरोबर आहे की नाही हे भोकाच्या आकारावर ठरतं. लहान भोकं बरीचशी पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. गंमत म्हणजे आवाज त्यांचाच मोठा असतो. मोठ्या भोकातून फुफ्फुसात फार रक्त जातं. बाळ दूध पिताना दमतं, कपाळावर घाम येतो, मधेच पिणं सोडतं, वजन वाढत नाही, सर्दी-न्यूमोनिया वारंवार होतो. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. मोठं भोक पहिल्या वर्षातच बंद करायचं असतं. 'जरा मोठी होऊ दे, अंग धरू दे' हा प्रेमाचा सल्ला इथे घातक ठरतो. जास्तीच्या रक्ताने आणि दाबाने फुफ्फुसातल्या धमन्या जाड होत जातात, उजवीकडचा दाब डावीच्याही वर जातो आणि रक्त उलट वाहू लागतं. मूल निळसर दिसू लागतं. त्या टप्प्यावर भोक बंद करताच येत नाही. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. जन्मजात हृदयविकार त्यात येतात.

बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे. आजवर कधी त्रास नव्हता, आता रात्री उठून बसते, धाप लागते. इकोत 'मायट्रल स्टेनोसिस' निघालं. लहानपणी सांधे सुजायचे. याचा संबंध आहे का? (एक वाचक, गडचिरोली)

बहुधा आहे. मायट्रल स्टेनोसिस म्हणजे द्विदली झडपेचं तोंड अरुंद होणं. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना एका प्रकारच्या जंतूमुळे घसा दुखून ताप येतो. काहींमध्ये त्या जंतूवर सोडलेली शरीराची प्रतिकारशक्ती सांधे आणि हृदयाच्या झडपा यांच्यावरच उलटते. सांधे बरे होतात. झडप वर्षानुवर्षं आकसत जाते आणि द्विदली झडपेला याचा फटका सर्वांत जास्त बसतो. तिचं तोंड एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं असतं. ते दीडच्या खाली गेलं की गंभीर समजतात.

अरुंद तोंडातून रक्त काढायला डाव्या अलिंदात दाब वाढवावा लागतो. त्याच्या मागे फुफ्फुस शिरा, त्यांच्या मागे फुफ्फुस, आणि मधे एकही झडप नाही. वाढलेला दाब सरळ फुफ्फुसात पोचतो. आडवं झाल्यावर पायांतलं रक्तही छातीकडे येतं, म्हणून रात्री उठून बसावं लागतं. इतकी वर्षं निभावलं आणि आत्ताच त्रास का, तर गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. जास्त रक्त, कमी वेळ, तोंड तेवढंच. कित्येक बायकांना झडपेचा आजार गरोदरपणातच पहिल्यांदा कळतो.

औषधांनी भागलं नाही तर फुग्याने झडप रुंद करता येते, पोटावर शिशाचं कवच घालून गरोदरपणातही. जपानचे कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात काढलेला हा मार्ग आहे. मांडीच्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात नेतात आणि अलिंदांमधला पडदा ओलांडून डावीकडे शिरतात. ओलांडतात तेही साधारण त्याच पातळ जागी, जिथे गर्भात ते झाकणाचं छिद्र होतं. झडप बदलण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी. धातूची झडप बसवली की रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि गरोदरपणात ती सांभाळणं अवघड असतं.

बहिणीला हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात लवकर दाखवा आणि बाळंतपण घरी किंवा लहान दवाखान्यात नको. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं असेल तर 'पोटात बाळ आहे' म्हणून कोणी बंद करायला सांगेल, त्याचं ऐकू नका. ते बाळाला चालतं.

हृदय शरीराबाहेर काढलं तरी धडधडतं म्हणतात. ते कसं? (इयत्ता नववीतला एक वाचक, रत्नागिरी)

ठोक्याची सुरुवात हृदयातच होते म्हणून. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात, महाशीर येऊन मिळते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी तो शोधला. तो आपल्या आपण विजेची लहर सोडतो. लहर दोन्ही अलिंदांत पसरते, मग अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरच्या दुसऱ्या गाठीत सेकंदाचा दहावा भाग रेंगाळते. तेवढ्यात अलिंदं रिकामी होतात. ती गाठ जपानच्या सुनाओ तावारा यांनी आदल्याच वर्षी वर्णन केली होती. पुढे लहर निलयांच्या टोकाकडे झपाट्याने जाते. हृदय बाहेर काढलं तरी पेशींत ऑक्सिजन शिल्लक असेतो हे काही वेळ चालतं. वरची गाठ थकली किंवा वाट तुटली तर पेसमेकर बसवतात.

मेंदूच्या नसा या पुंजक्याचा वेग कमी-जास्त करतात. त्याला एकटा सोडला तर तो मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतो, विश्रांतीत नसा त्याला आवरून ७० वर आणतात. याचा पुरावा हृदय प्रत्यारोपण झालेल्या माणसात दिसतो. केपटाउनमध्ये डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं प्रत्यारोपण झालं आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं केलं. रुग्ण काही तासच जगला. यशस्वी प्रत्यारोपणाला १९९४ साल उजाडावं लागलं, ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. नव्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, त्यामुळे ते बसल्या जागीही ९० ते ११० च्या वेगाने चालतं. पळायला सुरुवात केली की त्याचा वेग लगेच वाढत नाही, रक्तातून ॲड्रेनलिन पोचल्यावर वाढतो. आणि त्याच्या धमन्या तुंबल्या तरी छातीत दुखत नाही, कारण दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाही गेलेल्या असतात. म्हणून अशा माणसांच्या धमन्या दुखण्याची वाट न बघता ठरावीक काळाने तपासतात.